डेटाबेसमध्ये रोमन अंकांसाठी स्वतःचा डेटाटाइप कसा बनवायचा

एका नियतकालिकाच्या जुन्या अंकांची यादी माझ्या हातात आली होती. चाळीस खंड, आणि खंडाचा कॉलम साधा टेक्स्ट, मुखपृष्ठावर जसा रोमन आकडा छापलाय तसाच टाइप केलेला. पुढच्या खंडाचा नंबर काढायला कुणीतरी त्या कॉलमवर मॅक्स (सगळ्यात मोठं मूल्य देणारं फंक्शन) लावून त्यात एक मिळवायची सोय करून ठेवलेली. मॅक्सने उत्तर दिलं अडतीस. एकोणचाळीस आणि चाळीस दोन्ही टेबलात होते, तरी उत्तर अडतीसच, आणि पुढचा खंड एकोणचाळीस म्हणून दुसऱ्यांदा नोंदला गेला. एरर नाही, वॉर्निंग नाही, काही नाही. तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात पक्का बसलाय, आणि कुणी रोमन अंक टेक्स्टमध्ये ठेवताना दिसलं की मी थांबवतोच.

आधी लिहिण्याची पद्धत सांगतो म्हणजे पुढे गोंधळ नको. रोमन अक्षरं मी उच्चाराप्रमाणे लिहितोय: आय म्हणजे १, व्ही ५, एक्स १०, एल ५०, सी १००, डी ५००, एम १०००. म्हणजे एक्स-आय-व्ही हे चौदा. कमांड आणि फंक्शनची नावंही तशीच देवनागरीत आहेत, टाइप करताना ती नेहमीच्या स्पेलिंगने करायची. उदाहरणं पोस्टग्रेस (पोस्टग्रेएसक्यूएल) या डेटाबेसची घेतलीत कारण स्वतःचा टाइप बनवायची सोय तिथे सगळ्यात मोकळी आहे, बाकीच्या डेटाबेसबद्दल मध्येच सांगेन.

पायरी १: नक्की काय साठवायचंय ते ठरवा

टेक्स्ट का चालत नाही ते एकदा नीट बघून घ्या. सात अक्षरं वर्णक्रमाने लावली तर सी, डी, आय, एल, एम, व्ही, एक्स असा क्रम लागतो, म्हणजे शंभर हा एकाच्या आधी येतो. एक ते दहा टेक्स्ट म्हणून सॉर्ट केलं की १, २, ३, ४, ९, ५, ६, ७, ८, १० असं येतं, कारण आय-एक्स हे व्हीच्या आधी बसतं. चाळीस म्हणजे एक्स-एल, ते पंधरा म्हणजे एक्स-व्हीच्या आधी. आणि एक ते चाळीसमध्ये टेक्स्टच्या हिशोबाने सगळ्यात मोठा येतो एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय, तो माझा अडतीस. वाईट हे की पहिले आठ आकडे बरोबर क्रमाने लागतात, त्यामुळे टेस्टिंगला पाच-सात रो घेतले की सगळं छानच दिसतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे: मूल्य हा पूर्णांक आहे, रोमन हे फक्त ते दाखवायची आणि वाचायची रीत आहे, तर डिस्कवर पूर्णांक ठेवा आणि अक्षरं आत येताना आणि बाहेर जाताना हाताळा. तारखेचं आपण असंच करतो ना, कुणी तारीख महिन्याच्या नावासकट टेक्स्टमध्ये ठेवली तर आपण लगेच टोकतो.

पण एक अपवाद आहे आणि तो मनापासून पाळा. काही ठिकाणी लिहिलेलं रूप हाच डेटा असतो. रोममधल्या कोलोसियमच्या प्रवेशद्वारांवर आकडे कोरलेत, त्यात ४४ नंबरच्या दारावर एक्स-एल-आय-आय-आय-आय आहे, म्हणजे चाळीस वजाबाकीच्या रीतीने आणि चार मात्र नुसत्या उभ्या रेघा मांडून, एकाच आकड्यात दोन्ही रीती. लंडनच्या ॲडमिरल्टी आर्चवर १९१० हे साल एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स असं आहे, आजच्या नियमाने ते एम-सी-एम-एक्स असायला हवं. बऱ्याच घड्याळांच्या तबकडीवर चार हा आय-आय-आय-आय असतो. अशा शिलालेखांची, वस्तूंची नोंद तुमच्याकडे असेल तर दोन कॉलम ठेवा, एकात मूल्य आणि एकात मूळ लेखन जसंच्या तसं टेक्स्ट. मूळ लेखन "सुधारून" ठेवलं तर ती माहिती कायमची गेली, परत आणता येत नाही.

पायरी २: हद्द आणि नियम लिहून काढा

कोड लिहायच्या आधी हे चार प्रश्न कागदावर सोडवा, मी सोडवले नव्हते आणि मग फंक्शन तीनदा बदलावं लागलं.

हद्द १ ते ३९९९. एम तीनदाच येतो म्हणून वर ३९९९. त्यापुढे अक्षरावर आडवी रेघ म्हणजे हजारपट अशी रीत आहे, पण ती साध्या टेक्स्टमध्ये टाइप करणं आणि वाचणं दोन्ही त्रासाचं, तेव्हा खरोखर गरज नसेल तर शिरू नका. ३९९९ दोन बाइटच्या स्मॉलइंटमध्ये आरामात बसतं.

शून्य नाही. मध्ययुगात साधारण ७२५ च्या सुमाराला बीड या इंग्लिश मठवासी विद्वानाने किंवा त्याच्या सोबतच्या कुणीतरी शून्यासाठी एन हे अक्षर वापरल्याचं दिसतं, पण ती नेहमीच्या रोमन अंकांचा भाग झालेली गोष्ट नाही. माहिती नाही यासाठी नल आहे, ते वापरा, शून्य किंवा रिकामी स्ट्रिंग नको.

लहान-मोठी अक्षरं: आत येताना दोन्ही घ्या, बाहेर मोठीच द्या. पुस्तकाच्या प्रस्तावनेची पानं लहान अक्षरात असतात आणि मजकुराची पानं साध्या अंकात, म्हणजे बारावं पान एकाच पुस्तकात दोनदा येतं. तिथे लोक लहान-मोठ्या अक्षरांवरून फरक करायला बघतात, तसं करू नका, पानाचा विभाग हा वेगळा कॉलम करा आणि नंबर वेगळा.

आणि चौथा प्रश्न, कडक की सैल. टाइपने फक्त प्रमाण रूप घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. सैल वाचन हवं असेल तर त्याचं वेगळ्या नावाचं फंक्शन करा, म्हणजे कोण कुठे ढिलाई करतंय ते कोडमध्ये दिसतं.

पायरी ३: किती खोल जायचं ते निवडा

तीन रस्ते आहेत. सगळ्यात साधा रस्ता म्हणजे ३९९९ रोंचं एक संदर्भ टेबल, एका कॉलमात अंक, प्रायमरी की, दुसऱ्यात रोमन रूप, युनिक. बाकीची टेबलं अंकच ठेवतात आणि त्या टेबलाकडे फॉरेन की. हद्द आपोआप पाळली जाते, आणि हे मायएसक्यूएल, एसक्यूलाइट कुठेही चालतं जिथे स्वतःचा बेस टाइप (डेटाबेसच्या मूळ टाइपसारखा नवा टाइप) बनवायची सोय नाही. पोस्टग्रेसमध्ये ते टेबल एका ओळीत भरतं: जनरेट_सिरीज एक ते ३९९९, आणि प्रत्येकाला टू_कॅर, फॉरमॅट एफएम-आरएन (याबद्दल पायरी ४ मध्ये). लोक याला कमी लेखतात पण छोट्या ॲपला मी अजूनही हेच सुचवतो.

दुसरा रस्ता डोमेन (तयार टाइपला अट जोडून केलेला टाइप) आणि दोन फंक्शनं. तिसरा खराखुरा बेस टाइप, सी भाषेत लिहिलेल्या फंक्शनांसकट. तिसऱ्यासाठी सुपरयूझर लागतो आणि सर्व्हरवर स्वतःची लायब्ररी ठेवता यायला हवी, क्लाउडवरच्या तयार डेटाबेसमध्ये बहुतेक वेळा ते करू देत नाहीत. म्हणून आधी तुमच्या सर्व्हरवर काय परवानगी आहे ते बघा, नाहीतर आठवडाभर सी लिहून शेवटच्या दिवशी कळेल की इन्स्टॉलच करता येत नाही.

ओरॅकलमध्ये ऑब्जेक्ट टाइपला मॅप मेथड देऊन क्रम ठरवता येतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये सीएलआरवाले (डॉटनेटमध्ये लिहिलेले) टाइप आहेत, एसक्यूलाइटमध्ये ॲपकडून स्वतःचं कोलेशन (अक्षरांच्या क्रमाचा नियम) नोंदवता येतं. तत्त्व सगळीकडे तेच.

पायरी ४: तयार मिळतंय त्याचे खाचखळगे

पोस्टग्रेसमध्ये टू_कॅर फंक्शनला आरएन फॉरमॅट दिला की रोमन अंक मिळतो, ओरॅकलमध्येही हाच फॉरमॅट आहे. पण नुसतं आरएन दिलं तर निकाल पंधरा अक्षरांच्या रुंदीत येतो, चौदाचं रूप तीन अक्षरांचं आणि त्याच्या आधी बारा स्पेस. स्क्रीनवर दिसत नाहीत आणि जॉइन मात्र जुळत नाही. एफएम पुढे लावलं की स्पेस जातात. पंधराच का, तर ३८८८ हा सगळ्यात लांब आकडा, एम-एम-एम-डी-सी-सी-सी-एल-एक्स-एक्स-एक्स-व्ही-आय-आय-आय, मोजून बघा, पंधरा अक्षरं.

दुसरी गोष्ट, हद्दीबाहेरचा आकडा दिला, शून्य किंवा ४०००, तर ते एरर देत नाही, पंधरा हॅशची चिन्हं देतं. तुम्ही ते टेक्स्ट कॉलमात साठवलंत तर हॅशच साठतील.

उलट दिशेचं, म्हणजे रोमन वाचून अंक देणारं टू_नंबर, ते आरएन फॉरमॅटसकट पोस्टग्रेस १८ पासून आलंय. त्याआधीच्या व्हर्जनवर असाल तर वाचणारं फंक्शन स्वतःच लिहावं लागतं.

आणि तिसरा खळगा, यात मी अर्धा दिवस घालवलाय. अंक कॉलम आहेच, तर त्यावरून रोमन रूपाचा जनरेटेड कॉलम (दुसऱ्या कॉलमावरून आपोआप भरला जाणारा) बनवू म्हणून टू_कॅर टाकलं की पोस्टग्रेस नकार देतं, एक्स्प्रेशन इम्म्युटेबल (त्याच इनपुटला कायम तेच उत्तर देणारं) नाही म्हणून. कारण टू_कॅर लोकेलच्या (भाषा-प्रदेशाच्या) सेटिंगवर अवलंबून असू शकतं, म्हणून ते स्टेबल म्हणून नोंदलेलं आहे, रोमनच्या बाबतीत लोकेलचा काही संबंध नसला तरी. एक्स्प्रेशनवर इंडेक्स करतानाही हेच. उपाय म्हणजे स्वतःचं फंक्शन, जे खरोखर इम्म्युटेबल आहे आणि तसं घोषित केलंय.

पायरी ५: दोन फंक्शनं लिहा

अंकातून रोमन करणं सोपं. तेरा जोड्यांचा ॲरे घ्या: १०००, ९००, ५००, ४००, १००, ९०, ५०, ४०, १०, ९, ५, ४, १ आणि प्रत्येकासमोर त्याचं रूप. मोठ्यापासून सुरू करा, आकडा त्या मूल्याएवढा किंवा मोठा असेपर्यंत रूप जोडा आणि मूल्य वजा करा, मग पुढची जोडी. वजाबाकीची रूपं, ९००, ४०० वगैरे, यादीतच असल्यामुळे वेगळा नियम लागत नाही. हद्दीबाहेर असेल तर सुरुवातीलाच एरर, एररकोड २२००३, तो अंक हद्दीबाहेर असल्याचा ठरलेला कोड आहे, ॲपवाल्यांना तो ओळखता येतो. फंक्शन इम्म्युटेबल, स्ट्रिक्ट, पॅरलल सेफ असं घोषित करा. नाव समजा इंट_टू_रोमन.

वाचणारं फंक्शन, नाव समजा रोमन_टू_इंट, जरा जपून. सगळीकडे सांगितली जाणारी रीत अशी की उजवीकडून डावीकडे या, अक्षर उजव्या शेजाऱ्यापेक्षा लहान असेल तर वजा करा, नाहीतर मिळवा. बरोबर लिहिलेल्या आकड्याला हे बरोबर उत्तर देतं, आणि चुकीच्याला पण काहीतरी उत्तर देतं, तिथेच घात होतो. आय-आय-एक्स घ्या. उजव्या शेजाऱ्याशी तुलना केली तर दहा, वजा एक, मग पुढचा आय हा शेजारच्या आयपेक्षा लहान नाही म्हणून मिळवला, उत्तर दहा. आतापर्यंतच्या सगळ्यात मोठ्या अक्षराशी तुलना केली तर दोन्ही आय वजा होतात, उत्तर आठ. दोन चांगल्या प्रोग्रॅमरनी लिहिलेली दोन फंक्शनं, एकच इनपुट, दोन उत्तरं, आणि एररचं नाव नाही.

यावरचा मला सगळ्यात आवडणारा उपाय: सैलपणे वाचा, जो अंक आला तो इंट_टू_रोमनला देऊन परत रोमन करा, आणि ते मोठ्या अक्षरांत आणलेल्या इनपुटशी तंतोतंत जुळलं तरच स्वीकारा. नाही जुळलं की एरर, कोड २२पी०२, म्हणजे टेक्स्टचं रूप चुकलंय. आय-आय-एक्सचं दहा आलं तर परत रूप एक्स होतं, आठ आलं तर व्ही-आय-आय-आय, दोन्ही वेळा जुळत नाही, बाहेर. आय-सी, व्ही-एक्स, चार आय, सगळं याच एका तपासणीत अडकतं, आणि नियम एकाच जागी राहतात.

रेग्युलर एक्स्प्रेशनही चालतं, शून्य ते तीन एम, मग शेकड्याचा गट, दशकाचा गट, एककाचा गट. पण त्यातला प्रत्येक गट रिकामा असू शकतो, म्हणजे पूर्ण रिकामी स्ट्रिंगसुद्धा पास होते. किमान एक अक्षर हवं ही अट वेगळी टाकावी लागते, आणि ती बहुतेक जण विसरतात.

आता इनपुट स्वच्छ करण्याचा भाग, इथे वेळ द्या. युनिकोडमध्ये रोमन अंकांची स्वतंत्र चिन्हं आहेत, हेक्स २१६० पासून पुढे, एक ते बारापर्यंत एकेक चिन्ह, शिवाय एल, सी, डी, एम, आणि लहान अक्षरांची वेगळी. दिसायला हुबेहूब, पण बारा हे एकच कॅरॅक्टर असतं. पोस्टग्रेस १३ पासून नॉर्मलाइझ फंक्शन आहे, त्याला एनएफकेसी हा प्रकार सांगितला की ही चिन्हं साध्या अक्षरांत मोकळी होतात, फक्त डेटाबेसचं एन्कोडिंग यूटीएफ-८ हवं. सिरिलिक कीबोर्डवरून टाइप केलेलं एक्ससारखं, सीसारखं, एमसारखं दिसणारं अक्षर मात्र नॉर्मलाइझने बदलत नाही, ते नाकारलंच पाहिजे, आणि एरर मेसेजमध्ये त्या कॅरॅक्टरचा युनिकोड नंबर छापा, नाहीतर समोरचा माणूस स्क्रीनकडे बघून म्हणतो की मी तर बरोबरच टाइप केलंय आणि त्याचंही चुकत नसतं.

अप्पर फंक्शनचंही तसंच. तुर्की लोकेलमध्ये लहान आयचं मोठं रूप टिंबवाला आय होतं, वेगळंच कॅरॅक्टर, आणि मग लहान आय असलेला प्रत्येक आकडा नाकारला जातो. अप्परला सी नावाचं कोलेशन (लोकेल न बघणारं) लावून वापरा. तुमचा सर्व्हर त्या लोकेलवर नसला तरी लावा, फंक्शन इम्म्युटेबल म्हणून घोषित केलंय ना, मग ते लोकेलवर हलता कामा नये.

पायरी ६: डोमेनचा रस्ता

क्रिएट डोमेन रोमन_मूल्य ॲज स्मॉलइंट चेक (व्हॅल्यू बिटवीन १ अँड ३९९९);

एवढ्यात हद्द बंदिस्त झाली. टेबलात या डोमेनचा कॉलम, त्याच्या शेजारी इंट_टू_रोमनवरून स्टोअर्ड जनरेटेड कॉलम, ही सोय पोस्टग्रेस १२ पासून आहे. सॉर्ट अंकावर, दाखवायला दुसरा कॉलम, इन्सर्ट करताना रोमन_टू_इंट. बहुतेक प्रोजेक्टचं काम इथेच संपतं आणि संपू द्यावं.

काय मिळत नाही ते माहीत असू द्या. डोमेनला स्वतःचं इनपुट-आउटपुट नसतं, त्यामुळे सिलेक्टमध्ये १४ च दिसणार. डोमेनसाठी क्रिएट कास्ट (एका टाइपचं मूल्य दुसऱ्यात बदलायचा नियम) केलं तर वॉर्निंग येते की कास्ट दुर्लक्षित होईल, आणि होतोच. दोन मूल्यांची बेरीज केली की उत्तर साधा स्मॉलइंट, ३९९९ ची हद्द परत कॉलमात साठवताना किंवा कास्ट करतानाच तपासली जाते. आणि जनरेटेड कॉलमाचं फंक्शन पुढे बदललंत तर आधी साठवलेली मूल्यं आपोआप बदलत नाहीत.

पायरी ७: खराखुरा टाइप

ज्यांना कॉलममध्ये थेट एक्स-आय-व्ही टाकायचंय, एक्स-आय-व्ही बघायचंय आणि तरी सॉर्ट बरोबर हवाय त्यांच्यासाठी हे. क्रम असा: आधी क्रिएट टाइप रोमन, एवढंच लिहून रिकामा शेल टाइप करायचा, कारण फंक्शनांना टाइपचं नाव लागतं आणि टाइपला फंक्शनं लागतात. मग चार फंक्शनं. इनपुट हे सीस्ट्रिंग घेऊन रोमन देतं, आउटपुट उलटं, आणि रिसीव्ह व सेंड ही बायनरी देवाणघेवाणीसाठी. इनपुट-आउटपुट सीमध्येच लिहावी लागतात, पीएल-पीजीएसक्यूएलला सीस्ट्रिंग घेता येत नाही. शेवटी पूर्ण क्रिएट टाइप, त्यात चारही फंक्शनांची नावं आणि लाइक = स्मॉलइंट. या लाइकमुळे लांबी, व्हॅल्यूने पाठवणं, अलाइनमेंट, स्टोरेज सगळं स्मॉलइंटवरून घेतलं जातं, स्वतः लिहून चुकायचा प्रश्न नाही.

सीमध्ये तीन गोष्टी जपा. आउटपुटला मेमरी सोळा बाइट, पंधरा अक्षरं अधिक स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा नल बाइट, पंधराच दिलीत तर बरोबर ३८८८ ला मेमरी बिघडू शकते आणि बाकी वर्षभर काही होणार नाही. रिसीव्हमध्ये हद्द तपासा, बायनरी मार्गाने आलेला आकडा इनपुट फंक्शनला भेटतच नाही, त्या दारातून शून्य आत येऊ शकतं. आणि पोस्टग्रेस १६ किंवा पुढचं असेल तर इनपुटमधली एरर सॉफ्ट पद्धतीने द्या, ई-रिटर्न वापरून, म्हणजे पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड हे फंक्शन तुमच्या टाइपवरही चालतं. पुढे मायग्रेशनला याचा फार उपयोग होतो.

हे सगळं एक्स्टेन्शन म्हणून बांधा, कंट्रोल फाइल आणि एसक्यूएल स्क्रिप्ट. नाहीतर डंप घेतल्यावर टाइप कुठला, फंक्शन कुठलं याची जुळवाजुळव हाताने करत बसाल.

पायरी ८: ऑपरेटर, कास्ट, इंडेक्स

टाइप बनला तरी ऑर्डर बाय लगेच चालत नाही, क्रम म्हणजे काय हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. इथे एक शॉर्टकट मोह घालतो: रोमनपासून स्मॉलइंटला विदाउट फंक्शन कास्ट, इम्प्लिसिट (न सांगता आपोआप होणारा), म्हणजे स्मॉलइंटचे सगळे ऑपरेटर फुकट. सॉर्ट चालतो, इंडेक्स चालतो, खूश होता. मग कुणीतरी लिहितं, खंड > 'आय-एक्स', आणि एरर येते की आय-एक्स हे स्मॉलइंटसाठी चुकीचं इनपुट आहे. कारण रोमनचा स्वतःचा ऑपरेटर नाही, जुळणारा ऑपरेटर स्मॉलइंटचा, म्हणून कोट्समधला मजकूरही स्मॉलइंट म्हणून वाचला गेला. ज्यासाठी टाइप बनवला नेमकं तेच चालत नाही.

म्हणून सहाही ऑपरेटर स्वतःचे करा: लहान, लहान-किंवा-समान, समान, समान नाही, मोठा-किंवा-समान, मोठा. प्रत्येकाला कम्युटेटर (दोन बाजू अदलाबदल केल्यावरचा ऑपरेटर) आणि निगेटर (नेमका उलटा) सांगा, लहानचा कम्युटेटर मोठा आणि निगेटर मोठा-किंवा-समान, प्लॅनरला (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाला) त्याचा उपयोग होतो. मग बी-ट्री ऑपरेटर क्लास (इंडेक्स आणि सॉर्टने कुठले ऑपरेटर वापरायचे ते सांगणारा), डिफॉल्ट म्हणून, स्ट्रॅटेजी १ ते ५ या क्रमाने लहान, लहान-समान, समान, मोठा-समान, मोठा, आणि सपोर्ट फंक्शन १ म्हणजे तुलना, जे ऋण, शून्य किंवा धन देतं. समानच्या ऑपरेटरला हॅशेस लिहिलंत तर हॅश ऑपरेटर क्लासही करा, न करता लिहिलंत तर क्वेरी चालवताना हॅश जॉइन निवडला गेला की तिथे फुटतं.

कास्ट मी इम्प्लिसिट ठेवत नाही. रोमनपासून इंटिजर असाइनमेंटपर्यंत (कॉलमात साठवताना आपोआप) ठीक, इंटिजरपासून रोमन फक्त एक्स्प्लिसिट (स्पष्ट लिहिल्यावरच), हद्द तपासणाऱ्या फंक्शनसकट. दोन्ही बाजूंनी इम्प्लिसिट केलं की ऑपरेटर निवडताना गोंधळ होऊन एरर यायला लागतात. टेक्स्टसाठी वेगळा कास्ट करावा लागत नाही, इनपुट-आउटपुटवरून तो आपोआप मिळतो.

बेरजेचं उत्तर रोमन चालेल, हद्द ओलांडली की एरर. वजाबाकीचं उत्तर मात्र इंटिजर ठेवा. खंड चौदातून खंड चौदा वजा केला की शून्य येतं आणि शून्याला रोमन रूप नाही. तसंही दोन खंडांतलं अंतर हा काही खंड नव्हे. मिन आणि मॅक्स ॲग्रिगेट स्वतः बनवावे लागतात, त्यात सॉर्टऑप द्यायला विसरू नका, तेव्हाच ते इंडेक्सवरून एका झटक्यात उत्तर देतात. माझी पहिली गोष्ट मॅक्सचीच होती, म्हणून मी हे सगळ्यात आधी तपासतो.

जेसनमध्ये हा टाइप स्ट्रिंग म्हणून जातो. समोरचा ब्राउझरमध्ये त्यावर सॉर्ट करणार आणि परत नऊ हा पाचाच्या आधी. एपीआयमधून अंक आणि रूप दोन्ही द्या.

पायरी ९: टेस्ट

इथे नशीब चांगलं आहे, पूर्ण जगच ३९९९ मूल्यांचं आहे, त्यामुळे नमुना घ्यायची गरज नाही, सगळं तपासा. जनरेट_सिरीजने एक ते ३९९९ काढा, रोमन करा, परत अंक करा, जुळत नाहीत ते मोजा, शून्य यायला हवं. मग तुमचं रूप टू_कॅर एफएम-आरएनच्या रूपाशी ताडून बघा, ते दुसऱ्याच कुणीतरी लिहिलेलं आहे म्हणून ती तपासणी मोलाची. मग सगळी मूल्यं विस्कटून टेबलात टाका, ऑर्डर बाय करा आणि प्रत्येक रो आधीच्यापेक्षा बरोबर एकाने मोठा आहे का ते लॅगने बघा.

नाकारायची यादी वेगळी ठेवा: रिकामी स्ट्रिंग, नुसती स्पेस, चार आय, व्ही-व्ही, आय-सी, आय-आय-एक्स, चार एम, सिरिलिक एक्स, साधा १४, वजा चिन्ह लावलेला एक्स. कॉपी कमांड बायनरी फॉरमॅटमध्ये एकदा बाहेर आणि एकदा आत, नाहीतर सेंड-रिसीव्ह कधी चालतच नाहीत आणि पहिल्यांदा चालतात ते प्रॉडक्शनमध्ये. डंप घेऊन रिकाम्या डेटाबेसवर परत चढवून बघा. मेजर व्हर्जन बदलताना नव्या सर्व्हरवर लायब्ररी आधी लागते, हे अपग्रेडच्या चेकलिस्टमध्ये लिहून ठेवा.

पायरी १०: जुना टेक्स्ट कॉलम हलवणं

थेट ऑल्टर करू नका. नवा कॉलम जोडा, नल चालणारा. पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड लावून, किंवा जुन्या व्हर्जनवर एक्सेप्शन पकडणारं छोटं फंक्शन लावून, जे रो वाचता येतात ते भरा आणि जे येत नाहीत त्यांची मूळ मजकुरासकट यादी काढा. ती यादी माणसाने बघायची. त्यात आयऐवजी लहान एल किंवा एकचा अंक, शेवटी पूर्णविराम, मध्ये स्पेस असं काहीबाही निघतं, ते सरसकट रिप्लेसने दुरुस्त करायला जाऊ नका, लहान एल हा पन्नाससुद्धा असू शकतो, तिथे मूळ अंक उघडूनच बघावं लागतं.

जे वाचता आले तेही सगळे खरे असतील असं नाही. एम-आय-एक्स हा शब्दही आहे आणि १००९ ही आहे, एल-आय-व्ही हे नावही आहे आणि ५४ ही, कुणाचं आद्याक्षर सी त्या कॉलमात चुकून पडलं असेल तर तो शंभर होतो. म्हणून भरून झाल्यावर अंकाच्या क्रमाने लावा आणि मोठ्या उड्या बघा, चाळीस खंडांच्या यादीत शंभर किंवा १००९ लगेच डोळ्यात भरतो. दोनदा आलेले आकडे वेगळ्या क्वेरीने काढा, माझा तो दुसरा एकोणचाळीस अशाच क्वेरीत सापडला होता. मग युनिक कन्स्ट्रेंट आणि नॉट नल लावा, ॲपचं वाचणं-लिहिणं नव्या कॉलमवर न्या, आणि जुना टेक्स्ट कॉलम लगेच ड्रॉप न करता मूळ लेखन म्हणून नाव बदलून निदान एक पूर्ण बॅकअप फेरी तसाच राहू द्या.